शाबूत फ्यूज

झुंबरबाईंनी मल्टिमीटरला हळदकुंकू लावलं तेव्हा अनुजा अंघोळीला गेली होती. ओले केस पुसत ती शेडकडे आली, तोवर पान्हे, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, कोयता, कात्री, दोन विळे, घरातली विळी आणि म्हशींच्या धारा काढायचं मशीन असा सगळा लवाजमा चौरंगावर झेंडूच्या फुलांखाली बसला होता. मधोमध, मानाच्या जागी, तिचा पिवळा मीटर. त्याच्या काचेवर कुंकवाचं बोट असं नेमकं टेकवलेलं, की आकडा दिसायची सोयच उरली नव्हती.

"आज्जी, अगं ट्रकचं दिवं अजून लागलं न्हाईत की!"

"मग लावा की."

"मीटर लागतोय त्याला."

"बसलेलं हत्यार मधनंच उठवत्यात व्हय गं?" झुंबरबाई म्हणाल्या. "कागलात तुझ्या कंपनीत उठवत असतील. उचगावात न्हाय. उद्या सोनं वाटून झालं की घे."

खंडेनवमीला पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवायचं नाही, हा त्या घरातला जुना दंडक. अडचण एवढीच होती, की दुसरा एक दंडक गणपतरावांनी परवाच घालून ठेवला होता. नवमीला ट्रकचे दिवे लागले तर ट्रकपुढं नारळ फुटेल. नारळ फुटल्याशिवाय घरात कोणी जेवणार नाही. आणि दिवे लागलेच नाहीत तर दसरा झाला की भंगारवाल्याला निरोप. नवराबायकोंनी आपापले दंडक एकमेकांना न विचारता घातले होते, आणि त्या घरात एकदा घातलेला दंडक मागं घ्यायची पद्धत नव्हती.

आकाराम शेडच्या दारात उभा राहून हे ऐकत होता. त्याला हसू आलं, पण ते त्यानं गिळलं. या शेडमध्ये हसायचा आपला हक्क उरलाय की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

तिघा भावांतला हा धाकटा. थोरले गणपतराव, मधला बाळासो, मग आकाराम. घराचा वाहतुकीचा धंदा होता तेव्हा हा ट्रक आकाराम चालवायचा. राधानगरीहून भाताची पोती भरून येताना एका रात्री ट्रक वळणावर न वळता सरळ गेला आणि खालच्या खाचरात उतरला. शेजारच्या सीटवर झोपलेल्या बाळासोचा पाय दाबला गेला. तो अजून लंगडतो. आकाराम म्हणाला, दिवे एकाएकी गेले, समोरचं काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी गणपतराव ट्रॅक्टर घेऊन आले. पुढचे दोन्ही दिवे फुटून गेलेले, तेव्हा ते लावून बघायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी फ्यूजचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि जमलेल्या लोकांसमोर म्हणाले, "फ्यूज शाबूत हाय."

एवढंच. पुढचं गावानं आपलं आपण लावून घेतलं. फ्यूज शाबूत म्हणजे दिवे गेले नव्हते, आणि दिवे गेले नव्हते म्हणजे आकारामला डुलकी लागली होती. ट्रक ओढून आणून या शेडमध्ये घातला. घरानं वाहतूक सोडली आणि म्हशी घेतल्या. आकाराम वेगळा निघून कोल्हापुरात जाऊन राहिला, दूध डेअरीच्या गेटवर नोकरी करून निवृत्त झाला, आणि त्यानं पुन्हा कसलंच स्टिअरिंग धरलं नाही. त्यांच्या घरची स्कूटर बायको चालवते, चिमणाबाई. तो मागं पिशवी धरून बसतो.

थोरला आणि धाकटा त्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणजे एकमेकांकडं तोंड करून बोलत नव्हते. लग्नाकार्यात गाठ पडली की मध्ये बाळासो लागायचा. "पाय माझा मोडला आन् अबोला ह्यांनी धरला," असं बाळासो कुणालाही सांगायचा, पण निरोप मात्र इमानानं पोचवायचा.

आणि एक गोष्ट आकारामनं आजवर कुणालाच सांगितली नव्हती. सुरुवातीची काही वर्षं तो देवाशपथ सांगत फिरायचा, की दिवे गेले होते. मग सांगायचा थांबला. लोक कंटाळले म्हणून नव्हे. एकदा गेटवर उभा असताना त्याच्या मनात आलं, की डुलकी लागलेल्या माणसालासुद्धा समोर अंधारच दिसतो. त्या दिवसापासून ती रात्र त्याला सरळ आठवेना. आपण जागे होतो का नव्हतो, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. कुणी दोष दिला याचं त्याला आता फारसं वाटत नव्हतं. पण मरायच्या आधी एवढं एक कळावं, असं त्याला फार वाटायचं.

म्हणून अनुजाचा फोन आला तेव्हा तो एका शब्दावर आला. अनुजा गणपतरावांची नात, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इलेक्ट्रिकलला. ट्रक पुन्हा उभा करायचं खूळ तिचंच. सुट्ट्यांच्या दिवशी खपून तिनं इंजिन चालू करून घेतलं, पत्रा ठोकून रंग दिला, पुढं नवे दिवे बसवले, स्टार्टरला आणि हॉर्नला नव्या तारा घातल्या. इंजिन धडधडायचं, हॉर्न अख्ख्या गल्लीला उठवायचा. दिवे तेवढे लागत नव्हते. "नाना, हितली कुठली तार कुठं जात्या ते तुमालाच ठावं," ती फोनवर म्हणाली होती. गणपतरावांनी "तो नको" असं म्हटलं नाही. त्या घरात याला आमंत्रण म्हणतात.

आता ते स्वतः शेडच्या एका टोकाला खुर्ची टाकून बसले होते, धुतलेला फेटा, हातात काठी. बाळासो बरोबर मध्यावर, एका उलट्या बादलीवर.

"बाळासो, त्याला म्हणावं, घाई कायबी न्हाय. खरं पुरण गार व्हायलंय."

"आकाराम, पुरण गार व्हायलंय."

"ऐकलं मी. दादांना सांग, दिव्याला पुरण कळत न्हाय."

"दादा, दिव्याला..."

"ऐकलं," गणपतराव म्हणाले.

अनुजानं बॉनेट वर टेकवून ठेवलं होतं. आकारामनं आत वाकून बघितलं आणि त्याला एकदम भडभडून आलं. ट्रकच्या कंपनीनं दिलेल्या तारा निम्म्या आणि घरच्यांनी दिलेल्या निम्म्या, असा तो सगळा संसार जागच्या जागी होता. ही लाल बाळासोच्या टेपरेकॉर्डरची. ही गणपतरावांनी अंबाबाईच्या फोटोपुढच्या बारक्या बल्बसाठी ओढलेली. ही हिरवी दुसऱ्या हॉर्नची, जो आकारामनं हौसेनं बसवला होता आणि थोरल्यांनी एका दिवसात काढायला लावला होता. हॉर्न गेला, तार तशीच राहिली. तो एकेक तार धरून सांगत गेला आणि अनुजा चिकटपट्टीवर नावं लिहून चिकटवत गेली. थोड्या वेळानं ट्रकच्या पोटात बाळासो तात्या, गणपतराव आबा, आकाराम नाना अशी सगळी मंडळी लोंबकळायला लागली.

"दिव्याची तार कुठली ह्यातली?" तिनं विचारलं.

"निळी. आता काळी झालीया. आत डॅशबोर्डच्या मागनं येत्या, पत्र्याच्या भोकातनं हिकडं, मग खाली."

"तीच तर धरलीया मी दोन दिवस. मीटर दिव्यापाशी बारा व्होल्ट दाखवतोय. बल्ब नवा, अर्थिंग चांगलं. लागायला काय धाड भरलीया कळंना."

"मीटरला काय इचारतीस? बल्ब लावून बघ की."

"मीटर हाय कुठं इचारायला? त्यो देव झालाय," अनुजा म्हणाली आणि कुरकुरत का होईना, जुना इंडिकेटरचा बल्ब शोधून त्याला दोन तारा जोडल्या. एक तार बॉडीला लावली, दुसरी दिव्याच्या पाठीमागं. बल्ब ढिम्म. तिनं पुन्हा लावली. मग तशीच वाकलेली असताना स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"गाढव हाय मी. नाना, मीटर करंट ओढतच न्हाय. तारेचा एक धागा जरी कुठंतरी टेकून राहिला असला तरी मीटर बारा दाखवणार. बल्बाला पोटभर लागतंय. एका धाग्यातनं काय येणार त्याला? मी पहिल्या वर्षाला शिकलेय हे!"

"बघ," झुंबरबाई चौरंगापाशी वाती वळत बसल्या होत्या, तिथून म्हणाल्या. "देव बसवला म्हणून घावलं."

अनुजानं बल्ब आकारामच्या हातात दिला.

मग दोघं दिव्यापासून मागं मागं येत गेले. ती टोक टेकवायची, तो बल्ब बघायचा. रेडिएटरच्या बाजूला नाही. बॉनेटखाली, पत्र्याला लागून, नाही. मग आकाराम केबिनमध्ये चढला. चढताना त्याचा हात आपोआप दाराच्या वरच्या दांडीकडं गेला, आणि पाय पायरी न बघता पायरीवर पडला. सीटवर तो बसला मात्र नाही. खाली उकिडवा होऊन त्यानं डॅशबोर्डच्या मागं बल्ब धरला. लख्ख पेटला.

"हितं हाय! हितं हाय गं अनुजा!"

"म्हंजे मधल्या पत्र्यात गडबड हाय. भोकात हात घालून बघा, रबराचं बूच हाय का?"

आकारामनं हात घातला. तारांचा जुडगा पत्र्यातून जातो तिथं रबराचं बूच असतं, पत्र्याची कड तारांना लागू नये म्हणून. बोटाला रबर लागलं नाही. नुसती कड लागली, आणि कडेवर टेकलेला जुडगा, काठीसारखा ताठ. तारा अशा ताठ नसतात.

जुडग्यावर कापडी पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. ती कापायला काहीतरी पाहिजे होतं. कात्री चौरंगावर होती, विळीसुद्धा. शेवटी बाळासो लंगडत घरात जाऊन गणपतरावांचं दाढीचं ब्लेड घेऊन आला. ते पूजेला बसवायचं झुंबरबाईंच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

आकारामनं पट्टी उभी चिरली. आत वीतभर लांब नुसता कोळसा होता. पाच-सहा तारांची आवरणं वितळून एकजीव झालेली, आणि त्यातली दिव्याची तार मधोमध तुटून तिची दोन टोकं मण्यासारखी गोल झालेली. एक केसासारखा धागा तेवढा या टोकाकडून त्या टोकाला चिकटलेला. हात लावल्याबरोबर तोही सुटला.

तो ते बघत राहिला. सुटलेली दोन टोकं त्यानं पुन्हा एकमेकांना लावून बघितली.

"काय हाय नाना?"

"जळालंय," तो म्हणाला. "सगळं जळालंय."

अनुजा आत चढली, बघितलं, शीळ घातली. बाळासो पायरीवर एक पाय ठेवून आत डोकावला. मग तो वळला आणि निरोप द्यायची सवय असलेला माणूस म्हणून नीट मोठ्यानं म्हणाला, "दादा, दिव्याची तार जळून तुटलीया. म्हंजे दिवं गेलतं."

चिमणाबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली होती.

आणि सगळ्यात आधी जो बोलला तो आकारामच होता. त्याचं त्यालाही नवल वाटलं, पण राहवेना.

"ही तार त्याच रात्री जळाली कशावरनं?" तो अनुजाला म्हणाला. "नंतर जळाली असंल. उंदरांनी कुरतडून, न्हायतर आणिक कशानं."

"काय बोलालायस तू?" बाळासो ओरडला. "इतक्या वर्षांनी तुझ्या बाजूचं कायतरी निघालंय, तर तूच दुसऱ्याचा वकील झालास व्हय?"

"मला बाजू नगोय, तात्या. मला खरं पायजे."

अनुजानं विचार केला. "बॅटरीशिवाय तार जळत न्हाय, नाना. मी बॅटरी लावल्यापास्नं धूर न्हाय, जळका वास न्हाय. त्याच्या आधी, अपघातानंतर, ट्रकला बॅटरी हुती का?"

हे कुणाला माहीत असणार? आकाराम तर त्या आठवड्यातच बोचकं बांधून निघून गेला होता.

"बॅटरी दुसऱ्याच दिवशी काढली," गणपतराव म्हणाले. "मीच काढली, तितं खाचरातच. ट्रॅक्टरला घातली. त्यानंतर ह्या ट्रकला बॅटरी अनुजानं आणली, ह्या वर्षी."

ते हे बाळासोला सांगत नव्हते. केबिनमध्ये उकिडव्या बसलेल्या धाकट्याकडं बघून सांगत होते. बाळासो निरोप पोचवायला तोंड उघडून तसाच राहिला.

"पण फ्यूज शाबूत हाय," गणपतराव पुढं म्हणाले, पण या वेळी ते वाक्य त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं म्हटलं.

"त्येच मला कळंना झालंय आबा," अनुजा म्हणाली. "तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली, एवढी जळाली, म्हंजे त्याच्या आधी फ्यूज उडायला पायजे. फ्यूज त्याच्यासाठीच असतोय. तुमी मला त्याला हातच लावू देईनासा झालाय."

हे खरं होतं. ट्रकच्या कुठल्याही भागाला तिला मुभा होती, फ्यूजचं झाकण सोडून. तो फ्यूज गणपतरावांनी स्वतःच्या हातानं घातलेला, आणि त्यानंतर एकदाही उडाला नाही, ही गोष्ट त्यांनी घरातल्या प्रत्येक जावयाला ऐकवलेली होती.

आता ते उठले. काठी टेकत ट्रकपाशी आले, बॉनेटच्या कडेला वाकले आणि खिशातून एक रुपयाचं नाणं काढून झाकणाचा स्क्रू त्यानं फिरवला. कुणाला हात लावू दिला नाही. झाकण निघालं. दोन चिमट्यांच्या मध्ये काळीकुट्ट तार, चांगली जाड, शाबूत.

अनुजा वाकून बघायला लागली. "आबा, ही फ्यूजची तार न्हाय. केवढी जाड हाय! आन् पीळ का घातलाय हिला?"

गणपतरावांनी तार उपसून तळहातावर घेतली. झुंबरबाई वाती टाकून आल्या, नवऱ्याच्या हातातून तार उचलली, डोळ्यांजवळ नेली. मग घरात गेल्या आणि चिमूटभर राखुंडी घेऊन आल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी ती तार बोटांच्या चिमटीत धरून घासली. काळं गेलं आणि खाली पांढरी शुभ्र चांदी निघाली.

"ह्यो पीळ आमच्या हुपरीचा," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांच्या माहेरी घरातच पैंजणांचा कारखाना. पीळ बघून कुणाच्या हातचा ते त्यांना कळायचं. "माझ्या पैंजणाची कडी तुटलीती, ती तार हाय ही. मी डबीत ठेवलीती. घरभर शोधलं. उंदरानं नेली म्हणून उंदरांना औषध घातलं."

"फ्यूज सारखा उडायचा," गणपतराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू. "महिनाभर. आठवड्याला दोन-दोन तारा घालत हुतो. म्हटलं, एकदा कायमचं करून टाकू. चांदी म्हंजे चांगली तार. उडायची न्हाय."

"उडाली न्हाईच की," बाळासो म्हणाला.

"आबा, त्यो उडत हुता म्हंजे सांगत हुता तुमाला," अनुजा म्हणाली. "तार पत्र्याला घासालीया, बघा म्हणून."

"म्हंजे माझा पाय दिव्यांनी गेला म्हणायचा," बाळासो जरा वेळानं म्हणाला. "मी आपला आकारामवर घालत हुतो." मग त्याला वाटलं असावं की हे बरोबर झालं नाही. "फार न्हाय. थोडा."

आकाराम खाली उतरून ट्रकच्या चाकाला टेकून उभा होता. आत काहीतरी सैल सुटत चाललं होतं आणि ते त्याला आवरत नव्हतं. आनंद झाला असं म्हणावं, तर तो रडत होता. धोतराच्या सोग्यानं त्यानं तोंड पुसलं. आपण जागे होतो. रस्ता समोर होता, मग एकदम नव्हता, आणि आपण ब्रेकवर पाय दिला होता. तेही आता त्याला आठवलं. पाय दिला होता.

"दादा," तो म्हणाला. बाळासोकडं न बघता. "चांगला फ्यूज असता तरी दिवं गेलंच असतं. तार घासलीच हुती. चांदीनं काय गाडी पाडली न्हाय."

"न्हाय," गणपतराव म्हणाले. "पण फ्यूज उडलेला दिसला असता. मी दुसऱ्या दिवशी बघितला असता."

एवढं बोलून ते परत जाऊन खुर्चीत बसले. चांदीची तार झुंबरबाईंनी पदराच्या टोकाला बांधून टाकली, मूळ मालकीण या नात्यानं.

पुढचं काम सोपं होतं. अनुजानं जळका तुकडा कापला, नवी तार जोडली, भोकात सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बसवला आणि चिमट्यात दुकानातला, बारीक, उडण्याची लायकी असलेला फ्यूज घातला. तोवर नारळाची वेळ धरून आलेले शेजारीपाजारी शेडच्या दारात जमले होते. ऊन डोक्यावर होतं, आणि तास-दीड तास दुसऱ्याच्या पुरणाचा वास घेऊन मंडळी कातावली होती.

"बटण कोण दाबणार?" अनुजानं विचारलं. तिच्या मनात होतं आपणच दाबावं, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

गणपतरावांनी काठी उचलून दाखवली. "आकाराम, चढ."

आकाराम चढला. या खेपेला सीटवर बसला. दिव्याचं बटण म्हणजे समोर तीच जुनी खुंटी होती, ओढायची. त्यानं ती धरली आणि क्षणभर त्याला खरंच भीती वाटली. मग ओढली.

भर दुपारच्या उन्हात दिवे कितीसे दिसणार? शेडच्या भिंतीवर दोन फिकट पिवळे ठिपके पडले, तेवढेच. पण पोरं ओरडली, अनुजानं टाळी वाजवली आणि मागं कुणीतरी "बोला हर हर महादेव" म्हणालं. गणपतराव उभे राहिले. नारळ हातात घेऊन ते गर्दीकडं वळले. पूर्वी ज्या आवाजात त्यांनी फ्यूजचा निकाल दिला होता, त्याच आवाजात म्हणाले, "फ्यूज चांदीचा हुता. आकाराम झोपला नव्हता."

शेजाऱ्यांना यातलं अर्धंच कळलं. म्हाताऱ्यांना कळलं. ते एकमेकांकडं न बघता ट्रककडं बघत राहिले.

मग गणपतरावांनी नारळ खिडकीतून आकारामच्या हातात दिला. "फोड. मला आता वाकवत न्हाय," ते म्हणाले. वाकता न येणाऱ्या माणसानं थोड्या वेळापूर्वी बॉनेटमध्ये वाकून स्क्रू काढला होता, पण कुणी तसं म्हटलं नाही. आकारामनं उतरून पुढच्या चाकापाशी दगडावर नारळ फोडला. पाणी चाकावर आणि थोडं थोरल्याच्या पायावर उडालं.

पंगत सोप्यात बसली. गणपतरावांनी आकारामला आपल्या उजव्या हाताला बसवलं आणि जेवण होईस्तोवर त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत, कारण दोघांनाही काय बोलावं ते सुचत नव्हतं. मधे एकदा फक्त आमटीचं भांडं त्याच्याकडं सरकवलं. बाळासो पलीकडच्या टोकाला होता आणि त्याला पहिल्यांदाच निवांत जेवायला मिळत होतं.

चिमणाबाई पोळ्या वाढायला आली. आकारामच्या पानापाशी ती वाकली तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "ऐकलंस न्हवं?"

"काय?"

"मी झोपलो नव्हतो."

"ते मला ठावं हुतं की."

"कवापास्नं?"

"पयल्यापास्नं. झोपल्यावर तुमी काय घोरता, ते सगळ्या गल्लीला ठावं हाय. शेजारी बाळासो भावजी झोपलेलं. त्यास्नी जाग आली नसती व्हय?"

आकारामनं हातातला घास पानात ठेवला. "मग इतक्या वर्षांत एकदा बी बोलली न्हाईस?"

"त्यात काय बोलायचं?" चिमणाबाई पोळीवर तूप सोडत म्हणाली. "मला वाटलं, तुमास्नी तरी ठावं हाय."

तिनं त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि ती पुढच्या पानाकडं सरकली.